आपण आधीचं काम का सोडलं?

मुलाखत गुरुवारी होती, पण त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचं ऑफिस रविवारीच होऊन बसलं. टेबलाच्या पलीकडे नवरा, त्याच्यासमोर कोऱ्या कागदांची चळत आणि टोपण हरवलेलं पेन. अलीकडची खुर्ची तिची. तिने बाहेर, म्हणजे स्वयंपाकघरात जायचं, दारावर टकटक करायची, "आत येऊ का?" म्हणून विचारायचं आणि मगच यायचं, असा नियम होता. पहिल्या खेपेला ती टकटक करून आत आली ती हातात कालथा घेऊनच.

"तो ठेवून ये," नवरा म्हणाला. "पॅनलसमोर शस्त्र चालत नाही."

कोचावर आडवी पडलेली त्यांची मुलगी उशीत तोंड खुपसून हसली. कॉलेजात जाणारी घोडी झाली तरी घरात तिला चिमणीच म्हणत.

"चिमणे, हसायचं असेल तर आत जा. इथे आईच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"बाबा, आई पॅनलला पाणी विचारणार बघा. पैज लावते मी."

आणि खरोखरच, खुर्चीत बसल्या बसल्या आई म्हणाली, "पाणी देऊ का तुम्हाला?"

शिकवायचा अधिकार नवऱ्याकडे होता, यात वाद नव्हता. एका मोठ्या कचेरीच्या तळमजल्यावर, काचेच्या दाराशी, रिसेप्शनच्या टेबलामागे त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. येईल त्याला तो मान लववून "नमस्कार, आपण कुठून आलात?" असं विचारायचा. इमारतीतली पोरं त्याला गुडमॉर्निंगकाका म्हणत, कारण तो कचऱ्याच्या गाडीवाल्यालाही तसंच म्हणायचा. छातीशी फाइल धरून मुलाखतीला येणारी माणसं त्याने इतकी पाहिली होती, की कोणाची निवड होणार ते तो चालण्यावरून सांगे. कधी चुकलाच, तर म्हणे, "पॅनलचं चुकलं."

परक्यांना जन्मभर 'आपण' म्हणणाऱ्या या माणसाला बायकोला 'तुम्ही' म्हणायची वेळ आली आणि त्याची जीभ अडखळली.

"तुम्ही या कामासाठी अर्ज का केलात... अगं, पाय हलवू नकोस. तुम्हाला या कामाचा काय अनुभव... कोपर काढ टेबलावरून."

शेवटी त्याने नाद सोडला आणि 'तू'वरच सगळी मुलाखत उरकली. प्रश्न तेच असतात, तू काय नि तुम्ही काय, असं त्याचं म्हणणं.

काम होतं एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीतलं. धुऊन आलेल्या चादरी, अभ्रे, पेशंटचे झगे निवडायचे, फाटकं बाजूला काढायचं, शिवता येईल ते शिवायचं आणि वॉर्डावॉर्डात पाठवायचं. चिमणी व्हायच्या आधी ती एका शिवणखान्यात होती आणि त्यानंतरही घरात मशीन कधी थंड पडलं नव्हतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर. गेले काही महिने तर घर त्या आखूड-सैलावरच चाललं होतं. कसं, ते घरालाच माहीत. ही नोकरी तिला हवी होती म्हणण्यापेक्षा, ती मिळाली नाही तर पुढे काय, हे कुणी तोंडातून काढत नव्हतं.

"पॅनलशी खोटं बोलायचं नाही," नवऱ्याने पेन उगारून बजावलं. "पॅनलला सगळं आधीच माहीत असतं. तुझ्या तोंडून ऐकायला म्हणून ते बसलेले असतात, बस्स. आणि दुसरं, घरचं काही काढायचं नाही. आता सांग, आधीचं काम का सोडलंस?"

"मुलगी लहान होती, बघायला कुणी नव्हतं. आता ती मोठी झाली, म्हणून पुन्हा कामाला यायचंय."

"शाब्बास."

तो शाब्बास म्हणाला खरा, पण ह्या प्रश्नाशी आलं की तिघांच्याही नजरा तीन बाजूंना जात. चिमणी नखं बघायला लागे. नवरा कागदांची आधीच सरळ असलेली चळत सरळ करी. कारण 'सोडलं' हा शब्द त्या घरात आता दुखऱ्या दातासारखा झाला होता.

नवऱ्यानेही काम 'सोडलं' होतं. कंटाळा आला, म्हणून. त्याने घरी तसं सांगितलं, तिने नातेवाइकांना तसंच सांगितलं आणि शेजाऱ्यांना सांगताना तर वर हेही जोडलं, की कचेरीवाले सोडत नव्हते, पण ह्यांनीच मनावर घेतलं.

खरं काय ते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. समोरच्या शेजारणीचा भाऊ त्याच कचेरीत. शेजारणीने दार लोटून, आवाज खाली आणून, फोन पुढे केला. फोटोत मोठी झकपक खोली, पांढराशुभ्र लांबलचक सोफा आणि त्यावर तिचा नवरा. शर्ट घडी करून खुर्चीवर, बूट खाली जोडीने लावलेले, तोंड उघडं. गाढ. मागे दारात सुटाबुटातल्या पाहुण्यांची रांग.

"मी म्हटलं, तुला माहीत असावं," शेजारीण म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरलं ते निराळंच. बनियनला काखेत भोक होतं. 'ह्याचं फडकं करायचं' असं ती दोन धुण्यांपूर्वी म्हणाली होती आणि विसरली होती. म्हणजे कचेरीभर जे फिरलं, त्यात तिचंही काहीतरी फाटकं फिरलं होतं.

त्याला दुपारी झोप का लागली, हे ती सोडून कुणाला कळण्यासारखं नव्हतं. तिची आई शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होती. दिवसा ती बसायची, रात्री तो. "तू घरी जाऊन पड, मला काय, खुर्चीतच बसायचंय, इथे काय नि तिथे काय," म्हणायचा. आठवडेच्या आठवडे सकाळी तिथूनच तोंड धुऊन कचेरीत. आई गेली, तेराव्या-चौदाव्याची दगदग सरली, घरात जरा शांतता आली, साठलेली झोप अंगावर आली, आणि मग हे 'सोडलं'. तिने फोटो पाहिल्याचं त्याला कधी सांगितलं नाही. घरात तरी त्याने काम सोडलेलं असू दे, असं तिला वाटलं.

गुरुवारी तो तिच्याबरोबर आला. नको म्हटलं तरी आला. कॉरिडॉरमधल्या बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि शेजारच्या रखवालदाराशी लगेच ओळख काढली.

"आमच्या मिसेसची मुलाखत आहे. तयारी मी करून घेतलीय."

आत तिघं होते. मधोमध मोठ्या बाई, पांढऱ्या कपड्यांतल्या, करड्या केसांच्या. एका बाजूला एक गृहस्थ, जे जांभई दाबत होते आणि दाबून दाबून डोळ्यांतून पाणी काढत होते. दुसऱ्या बाजूला ऑफिसातला एक तरुण मुलगा, नवाकोरा, टाय घट्ट, भाषा त्याहून घट्ट.

तिने पाणी विचारलं नाही. कोपर टेबलावर ठेवलं नाही. मोठ्या बाईंनी चादरींचं विचारलं, तिने सांगितलं. शिवणखान्याचं विचारलं, सांगितलं. सगळं नवऱ्याने बसवून घेतल्याप्रमाणे चाललं होतं. मग त्या मुलाने कागदावरून डोळे वर उचलले आणि फार अदबीने विचारलं,

"आपण आधीचं काम का सोडलं?"

उभ्या जन्मात तिला कुणी 'आपण' म्हणालेलं नव्हतं. तिच्या लेखी आपण म्हणजे आपण सगळे. आपण जेवायला बसू, आपण बाजारात जाऊ, आपण कुणाला सांगायला नको. आपण का सोडलं म्हणजे तुमच्या घरात का सोडलं. म्हणजे ह्यांना ठाऊक आहे. फोटो इथवरही आला आहे. आणि नेमकं तेव्हाच तिला उगारलेलं पेन आठवलं. पॅनलला सगळं आधीच माहीत असतं.

"सोडलं कुठलं साहेब," ती म्हणाली, "काढलं त्यांना."

मुलाच्या भुवया वर गेल्या. तिला वाटलं, खरं बोलते की नाही ते बघताहेत.

"झोपले होते. भर दुपारी. वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत, सोफ्यावर. अंगात नुसतं बनियन."

जांभईवाले गृहस्थ एकदम जागे झाले. "बनियन?"

"हो ना. शर्टाची घडी मोडू नये म्हणून काढून ठेवलेला. बूट जोडीने लावलेले, घरी कधी लावत नाहीत तसे."

मोठ्या बाईंच्या ओठांचे कोपरे हलले. मग त्या हसल्याच. आणि तिला काय झालं कोण जाणे. तीन मोठी माणसं हातातली पेनं थांबवून आपलं बोलणं ऐकताहेत, असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. भीती होती तिथे जरा ऊब आली. ती पुढे बोलत सुटली.

"आणि नेमके बाहेरचे पाहुणे यायचे होते. दाराबाहेरूनच घोरणं ऐकू आलं. त्यांना वाटलं एसी बिघडला."

हे एसीचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तिने जागच्या जागी घातलं. गृहस्थांनी टेबलावर थाप मारली. मोठ्या बाई चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

"त्यात बनियनला काखेत हे एवढं भोक! साहेबलोक नमस्कार कुणाला करणार, माणसाला की भोकाला?"

खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. त्या हशातच तिने, पदराला हात पुसावेत तसं, बोलून टाकलं, "माझं मात्र तसं नाही हां साहेब. मी दिवसा पाठ टेकत नाही. कुणालाही विचारा."

तो मुलगा हसू आवरत, टाय सैल करत म्हणाला, "अहो पण, मी आपलं विचारत होतो. म्हणजे, आपण म्हणजे तुम्ही. शिवणखान्यातलं काम तुम्ही का सोडलंत?"

तिला पहिल्यांदा काही समजेना. मग समजलं.

"सरळ तुम्ही म्हणावं की रे," मोठ्या बाई त्याला म्हणाल्या. "आपण-बिपण कशाला? बिचारीने सगळं घर उघडं केलं आपल्यापुढे."

तिने पाठ केलेलं उत्तर दिलं. मुलगी लहान होती, बघायला कुणी नव्हतं. कुणी नीट ऐकलंसुद्धा नाही. गृहस्थ अजून "एसी, एसी" म्हणत खांदे हलवत होते.

"घेऊ या हिला," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या चादरींच्या ढिगात एक हसवणारं माणूस हवंच. सोमवारपासून ये."

ती उठली, खुर्ची आत सरकवली, तीही शिकवल्याप्रमाणे. नोकरी मिळाली होती आणि तिला कुठल्या तरी मोठ्या चादरीत स्वतःला गुंडाळून घ्यावंसं वाटत होतं.

बाहेर नवरा उभाच होता. चेहरा असा फुललेला, की कित्येक महिन्यांत तिने तसा पाहिला नव्हता.

"हसले ना? मी इथून ऐकलं! ह्यांना विचार." रखवालदाराने मान डोलावली. "पॅनल हसलं की काम झालं म्हणून समज. झालं ना?"

"सोमवारपासून ये म्हणाल्या."

"बघा!" तो रखवालदाराला म्हणाला, जणू त्यानेच शंका काढली होती. मग तिच्याकडे वळला. "पण एवढं काय बोललीस? कशावर हसले?"

"असंच काहीतरी."

"अगं, असं कसं? कालथ्याचं सांगितलंस?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते मानेलाच माहीत. त्याला हो दिसलं.

"वाटलंच मला! पॅनलसमोर शस्त्र चालत नाही!" त्याने ते पुन्हा रखवालदारासाठी साग्रसंगीत सांगितलं. रखवालदार सभ्यपणे हसला.

बसस्टॉपवर सावली होती, गर्दी नव्हती. तो बाकावर तिच्याशेजारी बसला, पण त्याचं बसणं जागेवर टिकत नव्हतं.

"रिसेप्शन सुटलं, पण विद्या काही सुटली नाही माझी. तुझ्याकडून करून घेतलं की नाही सगळं? सोमवारी मी येतो तुला पोचवायला. त्या मोठ्या बाईंना भेटतो, नमस्कार करतो. म्हणावं, आमच्या मिसेसला सांभाळून घ्या."

तो सोमवारी तिथे जाईल. मान लववून नमस्कार करील. आणि मोठ्या बाई वर बघतील. तिला ते इतकं स्पष्ट दिसलं, की तिने डोळे मिटून घेतले.

"कालथ्यावर नाही हसले," ती म्हणाली.

"मग?"

"तुमच्यावर."

तो अजून हसतच होता. "माझ्यावर? मी तर बाहेर होतो."

मग तिने सांगितलं. आपणचं सांगितलं, ती काय समजली ते सांगितलं. सोफा, बूट, एसी. रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या बंद शटरकडे बघत सांगितलं. त्याच्याकडे बघून सांगायची तिची छाती नव्हती. भोकाचं आलं तेव्हा आवाज इतका बारीक झाला, की त्याला पुढे वाकावं लागलं.

मांडीवरच्या पिशवीचे बंद त्याने सारखे केले.

"एसीचं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच घातलं."

"हं." मग म्हणाला, "म्हणजे तुला माहीत होतं."

"दुसऱ्या दिवसापासून. समोरचीने दाखवला फोटो."

"आणि चिमणीला?"

तिने खाली बघितलं. "तिला माझ्याही आधी. तिच्या फोनवर आलेला. मीच म्हटलं, बाबांसमोर विषय काढू नकोस."

"म्हणजे मी रोज तुमच्यासमोर कंटाळा आला, कंटाळा आला म्हणून सांगत होतो..." तो थांबला. "घरात मी एकटाच फसत होतो म्हणायचं."

"असं नका हो म्हणू."

"मग कसं म्हणू?"

ते त्याने चिडून विचारलं नाही. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं, चार शब्द तिनेही ऐकवले असते. पण रिसेप्शनवर चुकीच्या मजल्यावर पाठवलेल्या पाहुण्याला विचारावं, तसं त्याने शांतपणे विचारलं.

"आईंचं सांगितलंस?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "रात्रीचं?"

हाच प्रश्न येणार, हे तिला त्या दारातून बाहेर पडतानाच माहीत होतं.

"नाही."

"नाही?"

"ते हसत होते. मध्येच ते सांगितलं असतं तर..."

"हसू थांबलं असतं," तो म्हणाला.

"हो."

कुणीतरी कानशिलात मारावी आणि दुसऱ्या कुणाला ऐकूही जाऊ नये, तशी ती बसून राहिली. तिच्या आईचं तोंड पुसलेलं, कूस बदललेली, भांडं दिलेलं त्या माणसाने. आणि ती काय म्हणून आली होती? माझं तसं नाही, मी दिवसा पाठ टेकत नाही. नसेल टेकत. रात्री टेकायला मिळत होती ना, घरी, पांघरूण घेऊन.

"सोमवारी तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "आधी मी एकटी जाते. त्या बाईंना सगळं सांगते, रात्रीचंसुद्धा. मग या तुम्ही हवं तर."

"सांग," तो म्हणाला. "पण ते काही एसीसारखं नाही. ऐकायला कुणाला वेळ असेल तर सांग."

बस आली. जोडीने बसायला जागा नव्हती. त्याला पुढची एकटी सीट मिळाली, तिला दोन ओळी मागची. पिशवी अजून त्याच्याकडेच होती. खिडकीतून ऊन आत येत होतं, बस संथ चालली होती आणि तिला त्याची मान दिसत होती, कॉलरच्या वरची, नुकतीच न्हाव्याकडून कोरून आणलेली. ते तिच्या मुलाखतीसाठी.

थोड्या अंतराने ती मान हळूहळू एका बाजूला कलली. आणि झटक्यासरशी सरळ झाली. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. कुणी बघत नव्हतं. तरी त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं, पाठ ताठ केली आणि डोळे ताणून समोर बघत बसला.

ती उठली. दांड्याला धरत धरत पुढे गेली, त्याच्या सीटपाशी उभी राहिली, उन्हाच्या बाजूने.

"झोपा जरा," ती हळू म्हणाली. "मी उभी आहे इथे. आपला स्टॉप आला की उठवते."

"नको," तो म्हणाला, आणि तसाच ताठ बसून राहिला.